खांद्यावरची सायकल

वाहनांचा इतिहास लिहिताना माणूस त्यांवर बसून किती वेगाने गेला, हे मोठ्या आवडीने नोंदले जाते. परंतु वाहनच माणसाच्या खांद्यावर बसून किती वेळा गेले, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. आगगाडी रुळांवरून घसरली की ती निरुपयोगी झाली. मोटार चिखलात रुतली की बैलांना बोलावणे धाडावे लागते. सायकल हे मात्र असे वाहन आहे की, रस्ता संपला असता तिचा धनी तिला उचलून पुढे चालू लागतो आणि रस्ता पुन्हा सापडताच तिच्यावर स्वार होतो. या साध्या गोष्टीवर युरोपात शर्यतीचा एक स्वतंत्र खेळ उभा राहिला आहे. त्यास सायक्लोक्रॉस म्हणतात. सातारा व सांगली या आमच्या दोन जिल्ह्यांशी या परदेशी खेळाचा संबंध तो काय, असे वाचक विचारतील. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठीच हा लेख आहे.

या खेळाचे मूळ फ्रान्सात सापडते. दानिएल गूसो नावाचा एक फ्रेंच शिपाई आपल्या घोडेस्वार मित्रांबरोबर रानातून सायकल हाकीत असे. घोडा जेथून जातो तेथून सायकल का जाऊ नये, या कल्पनेने त्याला पछाडले, आणि १९०२ साली फ्रान्समधील पहिली राष्ट्रीय शर्यत त्याच्याच पुढाकाराने झाली. शेते, ओढे, वाळू, पायऱ्या आणि मुद्दाम आडव्या घातलेल्या फळ्या, असा हा मार्ग असतो. अडथळा आला की स्वार चालत्या सायकलवरून उतरतो, सांगाड्याची नळी खांद्यावर घेतो, धावत चढण चढतो आणि पलीकडे पुन्हा उडी मारून बसतो. हंगाम थंडीचा, म्हणजे युरोपात चिखलाचा.

आरंभी हा खेळ म्हणजे रस्त्यावरील शर्यतपटूंचा हिवाळी व्यायाम समजला जाई. परंतु १९१० साली या व्यायामाचे मोल सर्वांस कळून आले. त्या वर्षी फ्रान्सच्या सुप्रसिद्ध प्रदक्षिणा-शर्यतीत पिरेनीज पर्वतातील तूर्मालेची खिंड प्रथमच घालण्यात आली. तेथे सडक कसली, दगडगोट्यांची वाटच होती. ओक्ताव लापीझ हा त्या शर्यतीचा विजेता; परंतु त्यालाही चढणीवर काही अंतर सायकल हाताने ढकलीत पायी जावे लागले. आपल्या यशाचे श्रेय त्याने हिवाळ्यातील रानवाटांच्या सरावासही दिले. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, हा वीर विमानातून लढताना पडला. या खेळाची पहिली जागतिक अजिंक्यपद शर्यत १९५० साली पॅरिस येथे झाली व ती फ्रान्सच्याच झाँ रोबिकने जिंकली.

आज या खेळाची नेहमीची शर्यत सुमारे तासाभराची असते. परंतु हौशी मंडळींचे समाधान तेवढ्याने होत नाही. इंग्लंडातील यॉर्कशर परगण्यात तीन डोंगर ओलांडणारी ‘थ्री पीक्स’ ही शर्यत १९६१ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी बिल रॉन्सली जिंकला. अंतर सुमारे ६१ किलोमीटर. म्हणजे सपाट सडकेवर दोन-अडीच तासांचे काम. पण निम्म्याहून अधिक मार्ग कच्चा, आणि त्यातील कित्येक किलोमीटर असे, की तेथे सायकल ही केवळ पाठीवरचे ओझे होते. रुंद टायरांच्या पहाडी सायकलींना तेथे मज्जाव आहे. सोय वाढवून अडचण टाळावयाची नाही, हाच त्या नियमाचा अर्थ. या शर्यतीत पुढे जाणारे थोडे आणि नुसते पोहोचण्यासाठी उतरणारे पुष्कळ. त्या पुष्कळांमुळेच ती शर्यत जिवंत राहिली आहे.

आता आपल्याकडे वळू. १८८५ साली इंग्लंडात स्टार्लीने दोन जवळजवळ सारख्या चाकांची ‘रोव्हर’ सायकल बनविली आणि १८८८ साली डनलॉपने हवेच्या धावेचा हक्क नोंदविला. त्याच १८८८ सालात लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधू रामूअण्णा यांच्या बेळगावातील सायकलच्या दुकानाचा आरंभ मानला जातो. त्या काळी लोक या यंत्रास पायगाडी म्हणत. सायकल विकावी, दुरुस्त करावी, आणि घेणाऱ्याला बसावयासही शिकवावे, असा तो उद्योग होता. दुकानातून कारखाना निघाला, कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर निघाले. आणि बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ देऊ केला. तेथे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. लापीझ तूर्माले चढत होता तेच हे वर्ष. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ साली निराळा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. तेव्हा या दोन जिल्ह्यांच्या सर्वांत प्रसिद्ध कारखान्याच्या मुळाशी सायकलचे दुकान आहे, हे विसरून चालणार नाही.

परंतु दुकानाचा इतिहास म्हणजे सायकलचा इतिहास नव्हे. ती ज्या भूमीवर चालली तिचाही विचार केला पाहिजे. महाबळेश्वरी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३३७ मीटर उंचीवर कृष्णा उगम पावते, वाईवरून उतरते, कऱ्हाडास कोयनेला भेटते आणि सांगलीजवळ हरिपुरास वारणेला. उगमाजवळ वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस. सांगलीकडे त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. आणि माण, आटपाडी, जत या बाजूंस पाण्याचे दुर्भिक्ष ठरलेले. वर जांभा आणि काळा पाषाण, मध्ये मुरूम, खाली नदीकाठची काळीभोर जमीन. एकाच खोऱ्यात इतक्या प्रकारची वाट क्वचित आढळेल. या वाटांवर शिक्षक, टपालवाले आणि दूधवाले पिढ्यान्‌पिढ्या सायकली हाकीत आले. ओढ्याला पाणी आले की सायकल खांद्यावर घ्यावी, पलीकडे उतरवावी आणि शाळेची घंटा गाठावी, हे त्यांना कोणत्याही फ्रेंच शिपायाने शिकविले नव्हते. फरक इतकाच की, त्यांच्या कष्टांना कोणी शर्यत म्हटले नाही.

आम्ही स्वतः या खोऱ्यात हौसेखातर लांबच्या मजला सायकलने केल्या आहेत. वाईहून पसरणीचा घाट चढताना श्वास पुरत नाही, परंतु चाक फिरत असते. मनास तेवढा आधार असतो. खरी परीक्षा खाली, काळ्या रानात, पाऊस पडून गेल्यावर होते. ती माती धावेला चिकटते, धावेवरून चिमट्यात भरते, आणि दहा-वीस हातांच्या आत चाक जागच्या जागी थांबते. काटकीने माती काढावी, पुन्हा दोन पावले जावे, पुन्हा काढावी. अखेर सायकल उचलावी, हेच शहाणपण. मातीने लडबडलेली सायकल पहिल्या फर्लांगात हलकी वाटते. पुढे नळी खांद्याच्या हाडावर रुतू लागते, तेव्हा खांदा बदलावा लागतो. भूक अशा वेळी एकाएकी लागते. गुळाचा खडा व मूठभर शेंगदाणे यांचे मोल तेथे समजते. अशा वेळी मनात एकच विचार राहतो: पुढचा बांध. वेग, क्रमांक, लोकांचे कौतुक, हे सर्व मागे गळून पडलेले असते.

या सहनशक्तीचा वारसा महाराष्ट्रास नवा नाही. १९२३ च्या ऑक्टोबरात सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. इराण, मेसोपोटेमिया, सिनाई अशी वाळवंटे तुडवून आणि सुमारे ७१,००० किलोमीटर आक्रमून हकीम, बापासोला व भूमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चात परतले. २०१५ साली नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू अमेरिका आडवी ओलांडणाऱ्या शर्यतीत जोडीने उतरले व ती पुरी केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी तीच सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या आत पार पाडली. पुण्याहून गोव्यास जाणारी ‘डेक्कन क्लिफहँगर’ ही सुमारे ६४० किलोमीटरांची शर्यत तर सातारा जिल्ह्यातूनच जाते.

हे सर्व अभिमानास्पद आहे. तथापि एक गोष्ट खटकते. या अलीकडच्या शर्यती डांबरी सडकेच्या आहेत. सडक सुधारली हे चांगलेच झाले. ओढा ओलांडणाऱ्या शिक्षकास पूल मिळाला याचे दुःख कोण करील? पण गरजेने जी शक्ती आली होती ती गरजेबरोबर जाणार, हेही तितकेच खरे. ती टिकवावयाची तर हौसेनेच टिकविली पाहिजे. कुस्ती आज कोणी लढाईसाठी शिकत नाही. तरी आखाड्यांनी तिच्यातले बळ आणि शिस्त राखली. खेळ म्हणजे संपलेल्या गरजेचे जतन होय, असे आम्हांस वाटते.

म्हणून आमची सूचना अशी की, कृष्णेच्या काठाकाठाने, घाटमाथ्यापासून हरिपूरच्या संगमापर्यंत, सडक शक्य तितकी टाळून जाणारी एक हौशी शर्यत या दोन जिल्ह्यांनी सुरू करावी. उभी पिके वाचविण्यासाठी ती सुगीनंतर, पाणंदींनी आणि गाडीवाटांनी जावी. बक्षीस फार मोठे नसावे. आणि शेवटच्या स्वाराची वाट पाहिल्याविना पंचांनी उठू नये. युरोपातील खेळाची नक्कल म्हणून हे करावयाचे नाही. ज्यांनी या वाटांवरून सायकल खांद्यावर वाहिली आणि तरी वेळेवर कामास पोहोचले, त्यांच्या इतिहासाचे एक पान तरी त्यामुळे लिहिले जाईल.