महाविद्यालयातील पहिले वर्ष आणि सोलापूरचा विद्यार्थी

बारावीच्या निकालाचे पेढे सर्वत्र वाटले जातात; पदवीच्या पहिल्या सत्राचा निकाल मात्र फारसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते विद्यार्थी टिकणार की गळणार, हे बहुधा त्याच काळात ठरते.

सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी लाभले. तोवर येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. २०१९ साली विद्यापीठास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. त्याचे कार्यक्षेत्र एकाच जिल्ह्यापुरते असल्याने विद्यापीठ जवळ आले. परंतु विद्यापीठ जवळ आले म्हणून शिक्षण सोपे झाले, असे म्हणता येत नाही.

पहिली अडचण भाषेची होय. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू ह्या चारही भाषा घराघरांत बोलल्या जातात आणि मुले त्या त्या माध्यमांतून शिकतात. दहावीनंतर विज्ञान शाखा घेताच सर्व पुस्तके इंग्रजीत येतात. ज्याला कालपर्यंत गणित उत्तम येत होते, तो विद्यार्थी वर्गात शंका विचारण्याचे टाळतो, कारण त्याला शंका इंग्रजीतून मांडता येत नाही. ह्यालाच आपण पुष्कळदा ‘मुलगा अभ्यासात कच्चा’ म्हणून मोकळे होतो!

अमेरिकेतील अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ साली असे मांडले की, महाविद्यालयाच्या अभ्यासात व मित्रमंडळात जो सामावला जात नाही, तो शिक्षण सोडण्याचा संभव अधिक. हा विचार मोलाचा आहे. तथापि तो मुख्यतः महाविद्यालयाच्या आवारातच राहणाऱ्या विद्यार्थ्यांना लागू पडतो. सोलापूरची विडी कामगाराची मुलगी तास संपताच घरी येते आणि आईबरोबर पाने कापावयास किंवा विड्या वळावयास बसते. यंत्रमागावर पाळी करणारा मुलगा सकाळच्या तासाला पेंगतो. त्यांची हजेरी कमी पडते, ती आळसामुळे नव्हे.

येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांची दृष्टी आम्हांस अधिक उपयोगी वाटते. त्यांच्या ‘कमवा व शिका’ योजनेत काम व शिक्षण यांची सांगड घातलेली होती. आजही अनेक महाविद्यालयांत ग्रंथालय, कार्यालय वा बागेतील कामाबद्दल विद्यार्थ्यास मानधन मिळते. बाहेरच्या नोकरीने विद्यार्थी महाविद्यालयापासून दूर जातो. आवारातील कामाने तो तेथेच अधिक वेळ राहतो, शिक्षकांच्या ओळखीचा होतो.

खर्चाचे एक उदाहरण पाहा. बारावीपर्यंतच्या विद्यार्थिनींना एस.टी.चा पास मोफत असतो. पदवीस प्रवेश घेतल्यावर सवलत असली तरी पैसे मोजावे लागतात. खेड्यातून येणाऱ्या घरात नेमका ह्याच वेळी ‘आता पुरे’ हा शब्द निघतो.

विडी कामगारांच्या पाल्यांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे. त्यासाठी पालकाचे विडी कामगार ओळखपत्र लागते. राज्य शासनाने २०२४-२५ पासून, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ केले आहे. उत्पन्नाचा दाखला मिळण्यास दिवस लागतात. तेव्हा पालकांनी तहसील कार्यालयातील हे काम प्रवेशाच्या गर्दीपूर्वी, निकालाची वाट न पाहता उरकावे.