तरी कमी, कांदा नको

गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून पदार्थ बदलता येतो की नाही, हे आचाऱ्याच्या मर्जीपेक्षा भांड्यावर अधिक ठरते. देगेत एकदाच शिजलेला रस्सा एका माणसासाठी बदलत नाही. तव्यावरचा डोसा बदलतो. छत्रपती संभाजीनगरात या दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदतात.

नान-खलिया, म्हणजे नान आणि मांसाचा रस्सा, ही या शहराची ओळख. मुहम्मद बिन तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्या लष्कराबरोबर हा पदार्थ दक्षिणेत आला, असे परंपरा सांगते. लष्करी मुदपाकखान्यात शेकडो माणसांचे एकाच देगेत शिजते आणि शिपाई समोर येईल ते खातो. लग्नाच्या दस्तरखानावर आजही खलिया याच पद्धतीने वाढला जातो.

मात्र 'तुघलकाच्या काळापासून जसाच्या तसा' ही बढाई फार ताणू नये. मिरची भारतात आली ती पोर्तुगिजांबरोबर, सोळाव्या शतकात. त्यामुळे आज खलियावर दिसणारी लाल तरी तुघलकाच्या शिपायाने पाहिलेली असणे शक्य नाही. बदल नाकारणारा हा पदार्थ स्वतःच बदललेला आहे. फक्त तो एका गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून नव्हे, तर शतकांच्या ओघात. अलीकडचा एक बदल कायद्याने घडवला. 2015 मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली, म्हशीचे मांस त्या बंदीत आले नाही, म्हणून खलियात बैलाच्या मांसाऐवजी ते येऊ लागले.

गिऱ्हाइकाचे चालते ते तरीवर. मांस शिजताना सुटलेले तेल मसाल्याचा रंग घेऊन वर तरंगते, आणि वाढणारा डाव खोल घालतो की वरवर फिरवतो, यावर एकाच देगेतून सौम्य आणि जहाल असे दोन खलिये निघतात. 'तरी कम' किंवा 'तरी जरा जादा' एवढ्या दोन शब्दांत दखनीत व्यवहार उरकतो. मिसळीतही हीच युक्ती आहे: उसळ एक, रस्सा वेगळा, तिखटाचा हिशेब ज्याचा त्याने करावा. स्वयंपाकघरात न जाता चव बदलण्याची इतकी स्वस्त सोय दुसरी नाही.

खानावळीचे गणित निराळे. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, 1981 मध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले, वाळूज-चिकलठाण्यात कारखाने उभे राहिले. घराबाहेर जेवणाऱ्यांची संख्या वाढत गेली. खानावळीत भाजी ठरलेली असते. भात नको म्हणून एक पोळी जास्त, एवढीच देवघेव. 'दोघांत एक थाळी मिळणार नाही' अशी पाटी लावणारा मालक कंजूष नसतो. पोटभर जेवणाचा भाव त्याने एका पोटावर बसवलेला असतो.

मागणी खऱ्या अर्थाने आत शिरली ती उडुपी आणि पंजाबी पद्धतीच्या हॉटेलांमुळे, कारण तिथे पदार्थ मागणीनंतर तयार होतो. डोसा कडक की मऊ, भाजी तिखट की बेताची, हे वेटर चिठ्ठीवर लिहून देऊ लागला. त्यातून 'जैन' हा शब्द मेन्यूकार्डावर धर्माइतकाच पाककृतीचा शब्द झाला. कांदा-लसूण वगळणे सोपे. कंदमुळे वगळायची तर पावभाजीत बटाट्याच्या जागी कच्चे केळे घालावे लागते. म्हणजे गिऱ्हाइकाच्या नकारातून एक नवा पदार्थच तयार झाला. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी मराठी घरेही या सोयीचा लाभ घेतात.

वेरूळ आणि अजिंठा 1983 मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. लेणी पाहायला येणारा परदेशी पाहुणा तिखट कमी मागतो. ग्रेव्ही आधीच तयार असेल तर आचारी तिखट काढू शकत नाही. तो साय घालून धार बोथट करतो. 'कमी तिखट' भाजी पुष्कळदा गोडसर लागते, त्याचे कारण हेच.

आता मोबाइलवरून जेवण मागवताना सूचना लिहायला वेगळी चौकट मिळते. डोशाच्या तव्यापर्यंत ती सूचना पोहोचते. खलियाच्या देगेपाशी मात्र ती डावावरच थांबते: तरी कमी किंवा जास्त, इतकेच.