अजिंठ्याचें गलबत आणि भिंतींतील पाणी

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत भिंतीवर एक गलबत चितारलेलें आहे. त्याला तीन डोलकाठ्या आहेत, नाळ उंच आहे आणि डेकावर रांजण मांडून ठेवलेले आहेत. कथा पूर्णाच्या अवदानांतली. शूर्पारक, म्हणजे वसईजवळचें सोपारें, तेथील पूर्ण नांवाचा व्यापारी भिक्षु होतो. पुढें त्याचा भाऊ चंदन आणावयास समुद्रापार जातो, तुफानांत सांपडतो, आणि पूर्णाचा धांवा करून वांचतो. चित्रांतलें गलबत असें पाण्यांतून सुटलें. ज्या भिंतीवर तें काढलें, तिची मात्र पाण्यापासून सुटका झाली नाहीं.

ही भिंत कशी रचलेली आहे हें आधीं पाहिलें पाहिजे. सर्वांत आंत सह्याद्रीचा काळा पाषाण. त्यावर मातींत भुसा, वनस्पतींचे तंतू व दगडाची भुकटी कालवून केलेला जाडसर गिलावा. त्यावर मऊ गिलाव्याचा दुसरा थर. त्यावर अंड्याच्या कवचाइतका पातळ चुन्याचा हात. आणि मग रंग. रंग ओल्या चुन्यांत मुरविलेले नसून सुकल्या भिंतीवर डिंकासारख्या चिकट द्रव्यानें बसविलेले आहेत. तात्पर्य, डोळ्यांना दिसतें तें कवच. त्याचा सारा भार आंतल्या मातीवर.

काचतंतूंच्या होड्या बांधणाऱ्या आजच्या कारागिरांना ही रचना परकी वाटणार नाहीं. त्या होडीच्या डेकाला खालीं-वर काचतंतूंचें पातळ कवच असतें आणि मध्यें हलक्या लांकडाचा किंवा फेसाळ द्रव्याचा गाभा. एखाद्या खिळ्याच्या भोंकांतून पाणी आंत शिरतें, गाभ्याचें लांकूड कुजतें, आणि वरचें कवच चकचकीतच राहतें. कारागीर बोटाच्या पेरानें ठोकून पाहतो. आवाज बद्द आला कीं रोग समजला. मग कवच कापून काढावयाचें, कुजका गाभा खरवडून टाकावयाचा, उरलेला पुरता वाळवावयाचा व नवा गाभा बसवून कवच पुन्हां जोडावयाचें. गिलावा भिंतीपासून सुटला आहे कीं काय, हें अजिंठ्यासही ठोकूनच कळतें. मात्र तेथें कवच कापतां येत नाहीं, कारण चित्र तेंच आहे.

पाषाणाच्या भेगांतून पावसाळ्यांत पाणी पाझरतें. माती फुगते, उन्हाळ्यांत आक्रसते. तंतू कुजतात, त्यांना कीड लागते, आणि एके दिवशीं हातभर गिलावा रंगासकट खालीं येतो. २८ एप्रिल १८१९ रोजीं जॉन स्मिथ या लष्करी अधिकाऱ्यानें दहाव्या लेण्यांत आपलें नांव कोरलें, तेव्हांपासून जगाचें लक्ष या चित्रांकडे लागलें. पण प्रथमची धडपड त्यांच्या प्रतिकृति करण्याची होती. रॉबर्ट गिल यानें केलेल्या बहुतेक प्रतिकृति १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगींत गेल्या. मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून पुढें केलेल्यांपैकीं अनेक १८८५ सालच्या दुसऱ्या आगींत जळाल्या. मूळ चित्रें स्पष्ट दिसावींत म्हणून याच काळांत त्यांवर वार्निशाचा हात फिरविला गेला. हेतु चांगला होता. परंतु वार्निशानें भिंतीच्या आंतील ओल हटत नाहीं.

औरंगाबाद म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर. तो मुलूख त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता. १९१४ सालीं हैदराबाद संस्थानचें पुराणवस्तु खातें स्थापन झालें व गुलाम यजदानी त्याचे प्रमुख झाले. संस्थाननें इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी व त्यांचे सहाय्यक ओर्सिनी यांस पाचारण केलें. १९२० ते १९२२ या काळांत त्यांनीं दोन हंगाम काम केलें. भिंतीपासून सुटलेला गिलावा त्यांनीं पुन्हां पक्का केला, मोडक्या कडा बांधून घेतल्या, आणि साचलेला मळ काढला. हें काम झालें नसतें तर आज दिसणाऱ्या चित्रांपैकीं कित्येक दिसलीं नसतीं, हें मान्य केलेंच पाहिजे. पण रंग पक्का राहावा म्हणून त्यांनीं मद्यार्कांत विरघळविलेली लाख चित्रांवर चढविली. त्या काळच्या युरोपांतील मान्य उपायांपैकीं हा एक होता. त्यांना दोष देणें आज सोपें आहे.

लाख जुनी झाली कीं पिवळी पडते, पुढें तपकिरी होते. आक्रसतांना ती खालच्या रंगाचे पापुद्रे ओढून काढते; ओल लागली तर पांढुरकी होते. त्याहून वाईट असें कीं वर्षें गेलीं म्हणजे तिच्यांत रासायनिक फरक होतो आणि ज्या मद्यार्कांत ती एकदां विरघळली त्यांतच ती पुरती विरघळेनाशी होते. शिवाय वर असा बंद थर बसला म्हणजे मागून येणाऱ्या ओलीस बाहेर पडण्याची वाट राहत नाहीं. होडीच्या कुजक्या डेकावर नवा रंग चढवावा, तसेंच हें.

हैदराबाद संस्थान १९४८ सालीं भारतांत विलीन झालें. पुढें लेणीं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आलीं, आणि तेथील रसायनतज्ज्ञांच्या वांट्यास हीच लाख तिळातिळानें उतरविण्याचें काम आलें. एकेका बोटाएवढ्या जागेवर द्रावण लावून, रंग उचलत नाहीं ना हें पाहून मगच पुढें सरकावें लागतें. ज्या कामाला इटालियन तज्ज्ञांस दोन हंगाम पुरले, त्याच्या निरसनास कैक दशकें लागलीं.

गाभ्याच्या प्रश्नास अनपेक्षित बाजूनें एक उत्तर मिळालें तें वेरुळास. पुरातत्त्व खात्याचे राजदेव सिंग आणि औरंगाबादच्याच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनीं तेथील गिलाव्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले. त्यांत त्यांस भांगेच्या झाडाचे तंतू आढळले. हें संशोधन २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. या तंतूंस कीड सहसा लागत नाहीं, आणि ते ओल शोषून घेऊन पुन्हां सोडून देतात. अजिंठ्याच्या गिलाव्यांत भांग नाहीं, आणि तेथील निदान चौथा हिस्सा चित्रें किडीनें खाल्लीं, असें त्यांचें म्हणणें आहे. वेरुळचा गिलावा करणारे कारीगर अजिंठ्यानंतरचे. अजिंठ्याचे पडके पोपडे पाहून ते शहाणे झाले, कीं भांग त्यांना सहज हाताशी मिळाली म्हणून त्यांनीं मातींत मिसळली, हें त्या भिंती सांगत नाहींत.