मुंबापुरीचा कायापालट कोणी केला?

मुंबईच्या सुधारणेचा इतिहास आपल्याकडे बहुधा पुतळ्यांच्या क्रमाने सांगितला जातो. क्रॉफर्डसाहेबांनी मंडई बांधली, फिरोजशहा मेहतांनी पालिकेचा कायदा घडविला, लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या कारकिर्दीत रुंद रस्त्यांची आखणी झाली, अशी ती मालिका असते. यांपैकी कोणाचेही काम मी हलके लेखू इच्छीत नाही. परंतु ज्याचे आयुष्य कामगारांचे हजेरीपट चाळण्यात गेले, त्याला एक खोड लागते. अमुक काम झाले असे कोणी म्हटले की ते कोणी केले, काय मजुरीने केले, आणि करणाऱ्याच्या वाट्याला त्यातले काय आले, असे तो विचारू लागतो. आज हेच प्रश्न मुंबईला विचारावयाचे आहेत. नंदुरबारकरांपुढे मुंबईचे पुराण कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपणही आता विरचकचे पाणी घरातल्या नळाने पितो, आणि वापरलेले पाणी पुढे कोठे जाते व ते कोण वाहून नेते, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना सांगता येईल.

मुंबई हे मुळात विहिरी-तलावांवर जगणारे बेट. वस्ती फुगत गेली तशी उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण होऊ लागली. हेन्री कॉनिबेअर नावाच्या अभियंत्याच्या योजनेप्रमाणे विहार तलावाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६० पासून शहरात नळाने पाणी खेळू लागले. ते पुरेना म्हणून १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा. तानसाचे पाणी पंपाशिवाय, केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत येते. कागदावर ही कामगिरी थोरच आहे, आणि जमिनीवरही आहे. डोक्यावर घागर घेऊन मैलभर चाललेल्या बाईला नळाची थोरवी व्याख्यान देऊन सांगावी लागत नाही.

मात्र पाणी आणणे सोपे आणि पाणी घालवणे कठीण. नळ दिसतो, गटार दिसत नाही. नळाचे उद्घाटन करायला व्हाइसरॉय येतात, गटाराला कोण येणार? मेजर टलक यांनी १८६८ साली भुयारी गटारांची योजना मांडली होती. ती तुकड्यातुकड्याने, पैशाच्या रडगाण्यासह पुढे सरकत राहिली आणि तानसाचे पाणी आले तेव्हाही शहराचे मोठाले भाग गटारावाचूनच होते. परिणाम असा झाला की नवे पाणी जमिनीत मुरू लागले, तळमजल्याच्या भिंतींना ओल चढली, आणि चाळींमागच्या घरगल्ल्या बारमाही चिखलाने भरल्या.

या घरगल्लीचे वर्णन केल्याशिवाय पुढचा इतिहास समजणार नाही. दोन चाळींमध्ये हात-दोन हात रुंदीची फट, तिच्यात वरच्या मजल्यांवरून फेकलेले सारे काही, आणि त्यातून वाट काढीत, संडासांखालच्या टोपल्या रिकाम्या करीत, मैला डोक्यावरून नेणारा एक माणूस. त्याला हलालखोर म्हणत. हलालखोर म्हणजे हक्काची, कष्टाची भाकर खाणारा! नाव इतके गोड आणि काम असे. पालिका घरमालकांकडून ‘हलालखोर कर’ या नावाचा स्वतंत्र कर घेई, म्हणजे या माणसाचे अस्तित्व कायद्यात होते. त्याचे मत मात्र कायद्यात नव्हते. १८८८ च्या सुप्रसिद्ध कायद्याने मताचा हक्क मुख्यतः कर भरणाऱ्यांना दिला. चाळीतला भाडेकरू त्यात बसत नव्हता, मग चाळीमागच्या गल्लीतला कोठून बसणार? (टोपलीचे संडास खानदेशातील गावांतही पुढे कित्येक वर्षे होते. माझ्या वयाच्या श्रोत्यांना तो पत्र्याचा डबा आठवत असेल.)

अशा शहरात सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. प्लेग म्हटला की आपल्याला पुणे आठवते, रँड आठवतो, चापेकर बंधू आठवतात. मुंबईची हकीकत निराळी आहे, आणि कामगार चळवळीच्या दृष्टीने फार बोलकी आहे.

पालिकेचे आयुक्त स्नो यांनी ऑक्टोबरच्या आरंभी कडक हुकूम काढले. रोग्याला सक्तीने रुग्णालयात न्यावे, नातेवाइकांपासून वेगळे करावे, घरे धुवून काढावीत. लोकांत घबराट पसरली. रुग्णालयात गेलेला परत येत नाही अशी ठाम समजूत होती आणि तीत तथ्यही होते, कारण मरणासन्न होईपर्यंत रोग लपवला जाई. महिना संपता संपता स्नो यांनी हुकूम सैल केले. पुढे त्यांनी आपल्या अहवालात याचे जे कारण नोंदले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. व्यापारी पळतील ही भीती होतीच, पण खरी धास्ती होती ती हलालखोर आणि झाडूवाले पळून जातील याची. ते गेले तर हे शहर राहण्यालायक उरणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. तानसाचे धरण, मलबार टेकडीवरचा जलाशय, वरळीकडे मैला लोटणारी यंत्रे हे सारे जागच्या जागी होते, आणि तरीही झाडू खाली ठेवला गेला तर लाखो माणसांचे हे शहर चार दिवसांत बंद पडेल, हे शहराच्या सर्वांत मोठ्या अधिकाऱ्याने लेखी मान्य केले. ज्यांच्यापुढे सरकार नमले त्यांची संघटना नव्हती, पुढारी नव्हता, आणि त्यांनी संपही केला नव्हता. ते नुसते जाऊ शकले असते, एवढेच.

गेले ते दुसरे. आठ लाखांवर वस्तीच्या या शहरातून जानेवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मे लोक बाहेर पडले होते. गिरण्या ओस पडल्या आणि महिनोन्‌महिने पगार थकविणारे मालक रोजच्या रोज मजुरी मोजायला तयार झाले. कामकऱ्यांसाठी रस्त्याच्या कोपऱ्यावर बोली लागली! गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे मात्र शहर सोडून गेले नाहीत. रोग्यांच्या सेवेत असतानाच त्यांना प्लेगने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातील विणकरांच्या वस्तीत एका रुग्ण मुलीच्या तपासणीवरून दंगल पेटली, आणि पाठोपाठ गोदीतले हमाल व गाडीवाले यांनी काम थांबविले. सक्तीचे रूप बदलण्यात या हरताळाचाही वाटा आहे.

प्लेग उंदरांच्या पिसवांतून पसरतो हे तेव्हा ठाऊक नव्हते. सीमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये ते मांडले, आणि सर्वमान्य होण्यास आणखी सात-आठ वर्षे गेली. तोपर्यंत सरकारचा सारा रोख ओल, अंधार आणि कोंदट हवा यांवर होता. छपरांची कौले काढली जात, राहण्यास नालायक घरांवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे रंगविली जात. निदान चुकीचे होते, पण त्यातून एक चांगला उपाय निघाला, असा हा चमत्कारिक योग आहे. १८९८ च्या कायद्याने मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजे ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’, अस्तित्वात आले. नागपाड्यापासून कामाला आरंभ झाला. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते दाट वस्ती कापून समुद्राची हवा आत यावी म्हणून काढले गेले, आणि उत्तरेस दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती उभ्या राहिल्या. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा प्रकाशकोन सुचविला. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की, इमारत जितकी उंच तिच्या निम्म्याइतकी तरी मोकळी जागा खिडकीसमोर असावी. मला हा नियम फार आवडतो. गरिबाच्या उजेडाचे माप कोणीतरी अंशांत मोजून कायम करू पाहिले!

परंतु पाडणे जलद आणि बांधणे सावकाश, हा सुधारणेचा जुना रोग आहे. आरंभीच्या वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या जमीनदोस्त केल्या तितक्या बांधल्या नाहीत. उठवलेली माणसे शेजारच्या चाळीत शिरली आणि तिथली दाटी वाढली. रस्त्यावर हवा आली, खोलीतली गेली. १९२१ साली मुंबईत एकाच खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे ८२८ अर्भकांचे मृत्यू नोंदले गेले. या आकड्यात खोट आहे हे सांगितले पाहिजे. बायका बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे जन्म गावच्या दप्तरी आणि मरण मुंबईच्या. पण निम्मा आकडा सोडून दिला तरी उरलेला कोणाच्या घशाखाली उतरेल?

गव्हर्नर लॉईड यांच्या काळात, १९२० मध्ये, विकास खाते निघाले. कापसाच्या गाठीमागे रुपया कर बसवून पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी मिळून सुमारे सोळा हजार खोल्या झाल्या, आणि आश्चर्य असे की त्यांतल्या हजारो ओस राहिल्या. भाडे परवडेना, वरळीला बाजार नाही, गिरणी दूर. ज्यांच्यासाठी बांधले त्यांना विचारण्याची चाल नव्हती. सविनय कायदेभंगाच्या काळात त्याच चाळींचा तुरुंग झाला. आज त्या पाडून तेथे मनोरे उठत आहेत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

या सुधारणेचा सगळा उणेपणा सांगूनही एक गोष्ट तिच्या पदरात टाकलीच पाहिजे. परळच्या ट्रस्टच्या चाळीत, ५० आणि ५१ क्रमांकांच्या खोल्यांत, १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बिऱ्हाड होते. तेथून ते ज्या ‘राजगृहा’त गेले ते दादरच्या हिंदू कॉलनीत, म्हणजे ट्रस्टनेच आखलेल्या वसाहतीत. चाळीच्या त्या दोन खोल्यांतून देशाचा इतिहास बदलला. त्याच बाबासाहेबांनी १९३५ मध्ये मुंबई म्युनिसिपल कामगार संघ स्थापन केला. स्नोसाहेबांना ज्यांची धास्ती वाटली होती त्या माणसांना मिळालेले हे पहिले ठोस पाठबळ. पालिकेच्या निवडणुकीत त्यांना मत मिळायला १९४८ चा प्रौढ मताधिकार यावा लागला.

पाण्याचा प्रवास पुढेही चालू राहिला. १९५० नंतर वैतरणा आली आणि तिच्या जलाशयाला अभियंता मोडक यांचे नाव पडले. मग ऊर्ध्व वैतरणा, भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. ही धरणे बहुतांशी शहापूर-मोखाड्याच्या आदिवासी मुलखात आहेत, आणि त्याच शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात. अक्कलकुवा-धडगावकडची तेहतीस गावे सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाताना आपण पाहिली आहेत, तेव्हा या वाक्याचा अर्थ इथल्या श्रोत्याला फोडून सांगायला नको.

आणि झाडू? तो ठेकेदाराकडे गेला. मुंबईचा कचरा गाड्यांवर भरणारे कामगार वर्षानुवर्षे पालिकेचेच काम करीत होते, पण कागदोपत्री ते पालिकेचे कोणीच नव्हते. काहींच्या नावापुढे तर कामगार असे न लिहिता ‘स्वयंसेवक’ असे लिहिण्याची युक्ती काढली होती. कचरा वाहतूक श्रमिक संघाने त्यांचा दावा लावून धरला. औद्योगिक न्यायाधिकरणाने तो २०१४ मध्ये मान्य केला, पालिका उच्च न्यायालयात गेली, तेथे हरली, मग सर्वोच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०१७ मध्ये तेथेही हरली आणि सुमारे २,७०० कामगार कायम झाले. त्यानंतरही कोणाच्या नावाचे स्पेलिंग जुळत नाही, कोणाचा पत्ता जुळत नाही, म्हणून त्यांतल्या कित्येकांना हजेरीपटावर येण्यासाठी पुन्हा खेटे घालावे लागले.