स्वस्त पंप-बंदुकीचे मूल्य

अल्प किंमत म्हणजे हीन गुण, हे समीकरण अमेरिकेतील छऱ्यांच्या पंप-बंदुकीच्या इतिहासास सर्वस्वी लागू पडत नाही. १९१२ साली निघालेल्या विंचेस्टरच्या 'मॉडेल १२' चे पोलादी भाग यंत्रावर कातून काढीत; त्यास श्रम फार लागत. १९५० साली रेमिंग्टनने '८७०' काढली. तिचे अनेक लहान भाग दाबयंत्रावर पत्र्यातून काढलेले होते. तथापि बोल्ट थेट नळीच्या मागील पोलादी भागात अडके. जेथे दाब झेलावयाचा, तेथे काटकसर नव्हती. खर्च न परवडल्याने 'मॉडेल १२' चे नियमित उत्पादन १९६४ साली थांबले. '८७०' ची विक्री पुढे एक कोटीवर गेली. तात्पर्य, किंमत किती उतरली यापेक्षा ती कोठे उतरविली, हाच ग्राहकाचा खरा निकष होय.