द व्हिलेज इन द जंगल : सिलोनच्या रानातील कादंबरी

लिओनार्ड वुल्फ यांची ही इंग्रजी कादंबरी १९१३ साली प्रकाशित झाली. त्यापूर्वी ते सिलोनच्या (आजच्या श्रीलंकेच्या) हंबनटोटा जिल्ह्यात ब्रिटिश अधिकारी होते.

कथेतील सिलिंदूचे कुटुंब रान जाळून नाचणी पिकवते. जमिनीचा परवाना मिळणे गावप्रमुखाच्या हाती, आणि मानेवर कर्ज. गावप्रमुखाशी वैर येताच परवाना थांबतो. जावई बाबून चोरीच्या खोट्या आरोपात तुरुंगात जातो आणि तिथेच मरतो. न्यायालयात काय चालले आहे, हेच त्याला उमगत नाही. शेवटी रान गावाला गिळते.

कायदा असूनही गरिबाच्या बाजूने साक्ष द्यायला कुणी उभे राहत नाही, तेव्हा काय होते, हे समजण्यासाठी कार्यकर्त्यांनी ही कादंबरी वाचावी, असे आम्हाला वाटते.