सिंकखालची कचराचक्की निवडताना

भाज्यांची देठे, फळांच्या साली आणि उष्टे अन्न सिंकमध्येच दळून पाण्याबरोबर वाहून नेणारे यंत्र म्हणजे 'फूड वेस्ट डिस्पोझर'. अमेरिकेतील रेसिन येथील वास्तुविशारद जॉन हॅम्स यांनी ते १९२७ साली तयार केले. आता शहरी स्वयंपाकघरांतही त्याची चौकशी होऊ लागली आहे. मात्र दळलेला कचरा नाहीसा होत नाही, तो केवळ बादलीऐवजी गटारात जातो. म्हणूनच यंत्राच्या आधी सांडपाण्याची वाट पाहणे आवश्यक ठरते.

सांडपाणी कोठे जाते?

घर भुयारी गटाराला जोडलेले असून पाण्यावर शुद्धीकरण प्रक्रिया होत असेल, तर यंत्राचा विचार करता येईल. गृहसंकुलाचे स्वतःचे शुद्धीकरण केंद्र असल्यास सोसायटीची परवानगी घ्यावी, कारण या कचऱ्याने केंद्रावरील भार वाढतो. सेप्टिक टँक असल्यास तो लवकर भरतो. न्यूयॉर्कमध्येही गटारांच्या काळजीपोटी शहराच्या मोठ्या भागात या यंत्रांना मनाई होती. ती १९९७ मध्ये उठली.

मेहकर तालुक्यातील (जि. बुलडाणा) डोणगावसारख्या ग्रामपंचायतीच्या गावी घर असल्यास गणित आणखी बदलते. खेड्यातील घराचे सांडपाणी उघड्या नालीत किंवा शोषखड्ड्यात सोडलेले असेल, तर दळलेले अन्न नालीत कुजून दुर्गंधी व डास वाढतात आणि शोषखड्ड्याची झिरप मंदावते. उन्हाळ्यात पाणीटंचाई सोसणाऱ्या जिल्ह्यात कचरा वाहून नेण्यासाठी पाणी खर्चणेही परवडणारे नाही. तेथे गोठा आणि शेणखताचा खड्डा हाच उत्तम उपाय होय.

यंत्र पारखताना

यात धारदार पाती नसतात. फिरत्या तबकडीवरील बोथट हातोडे कचरा कडेच्या दातेरी कड्यावर आपटून बारीक करतात. हे भाग स्टेनलेस स्टीलचे असावेत. लहान कुटुंबास अर्धा अश्वशक्तीची मोटर साधारणतः पुरते. रोजचा स्वयंपाक मोठा असल्यास पाऊण अश्वशक्तीची घ्यावी. झाकण लावल्यावरच चालणारा प्रकार मुले असलेल्या घरात अधिक सुरक्षित.

बहुतेक यंत्रांना सिंकचे भोक सुमारे साडेतीन इंचांचे लागते. ते आधी मोजावे. परदेशातील नातेवाइकांनी आणलेले ११० व्होल्टचे यंत्र आपल्या २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्यावर थेट जोडू नये. अर्थिंग अनिवार्य समजावे.

वापरताना

आधी थंड पाणी सोडावे, मग यंत्र चालू करावे आणि दळण संपल्यावरही काही सेकंद पाणी वाहू द्यावे. शेवग्याच्या शेंगांचा चोथा, मक्याची कणसे, नारळाची शेंडी, आंब्याच्या कोयी, मोठी हाडे आणि तेल-तूप त्यात टाकू नये. यंत्र अडकल्यास वीज बंद केल्याखेरीज हात घालू नये.

पर्याय

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी ओला कचरा घरीच वेगळा ठेवणे बंधनकारक केले. गच्चीतील खताची टोपली किंवा सोसायटीचा बायोगॅस संच याच कचऱ्यातून खत वा इंधन देतो. त्यासाठी जागा असल्यास तो मार्ग आधी तपासावा. ती नसेल आणि गटारव्यवस्था भक्कम असेल, तेव्हाच यंत्राची निवड करावी.